समांतरभुज चौकोनाची करामत

खंडवा मार्गावरील भेरूघाट सायकलीने चढणाऱ्यास गिअरचे मोल सांगावे लागत नाही. तथापि इंदूरच्या भंगारवाल्याच्या तराजूत ‘सनटूर’ हे नाव कोरलेला, साखळी सरकविणारा जुना जपानी भाग पडला, तर त्यास केवळ ॲल्युमिनियमचा भाव मिळावयाचा. जाणत्याने तो भट्टीत जाण्यापूर्वीच उचलावा.

मागील चाकाच्या दातेरी चकत्या लहानमोठ्या असल्याने त्यांची उतरंड शंकूसारखी असते. पूर्वीची यंत्रणा मात्र सरळ आडवी सरके. मधले अंतर कमीअधिक होई आणि साखळी अडखळे. ओसाकाच्या माएदा कंपनीने १९६४ साली यंत्रणेतील समांतरभुज चौकोन तिरपा केला. एवढेच! पण अंतर जवळजवळ सारखे राहू लागले. पेटंटची मुदत सरताच साकाईच्या शिमानोने हीच कल्पना उचलली, १९८४ साली तिला टप्प्याटप्प्याने गिअर बदलणाऱ्या कळीची जोड दिली, आणि मूळ शोधकच मागे पडला.

असा भाग घेताना चकाकीस भुलू नये. तो बोटांनी डावीउजवीकडे हलवून पाहावा. सांधे डगमगत नसतील व स्प्रिंग जोराने मागे खेचत असेल, तर वरचा काळेपणा खुशाल राहू द्यावा.