हॉटेलांतील नोकरांचा थकलेला पगार

मुंबईच्या हॉटेलांतील पोऱ्या, वाढपी आणि आचारी यांचा पगार बहुधा दोन प्रकारांनीं अडतो. मालक तो पुढें ढकलीत जातो. किंवा फुटलेली कपबशी, घेतलेली उचल, जेवणाचा खर्च अशीं कारणें दाखवून त्यांतून पैसे कापतो. पुष्कळांचा निवाराहि हॉटेलांतच असतो. त्यामुळें पगार मागणें म्हणजे डोक्यावरील छप्पर गमावण्याचा धोका पत्करणें होय. बाकी तुंबत जाते ती याच भीतीनें.

१९३६ चा वेतनविषयक कायदा आरंभीं कारखाने व रेल्वे यांपुरताच होता. त्याची जागा आतां २०१९ च्या वेतनसंहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्याप्रमाणें महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिला पाहिजे. नोकरी सुटल्यास, मग राजीनामा असो वा बडतर्फी, कामाच्या २ दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. कपबशी फुटली एवढ्यावरून पैसे कापतां येत नाहींत. ती वस्तु त्या नोकराच्या स्पष्टपणें हवालीं केलेली असावी लागते, नुकसान त्याच्याच हयगयीनें झालेलें असावें लागतें, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधि द्यावी लागते. साऱ्या कपाती मिळून निम्म्या वेतनापलीकडे जातां कामा नयेत.

तंटा उद्भवल्यास सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ३ वर्षांच्या आंत अर्ज करावयाचा असतो. तो कामगारानें स्वतः करावा, त्याच्या नोंदलेल्या संघटनेनें करावा, किंवा सरकारी निरीक्षकानें करावा. एकाच हॉटेलांतील अनेकांचा मिळून एक अर्जहि चालतो. एकट्यानें पुढें होण्यास भिणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. पगार दिला, हें शाबीत करण्याचा भार मालकावर असतो. दावा खरा ठरल्यास मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे. मालकानें ती न दिल्यास जिल्हाधिकारी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें ती वसूल करतो.

खरी अडचण याच्या अलीकडची आहे. ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच’, असें मालकानें म्हटलें, तर नोकरीचा पुरावा लागतो. पगाराची चिठ्ठी देणें संहितेनें मालकावर बंधनकारक केलें आहे. ती जपून ठेवावी. ती न मिळाल्यास बँकेंतील नोंद, हजेरीचें पान व सोबत्यांची साक्ष उपयोगीं पडते. कायद्याचें दार उघडें आहे. परंतु आंत जातांना हातांत एखादा तरी कागद असावा.