अशरफी गळ्यात की पेटीत?

लग्नसराईच्या दिवसांत मराठवाड्यातील एका सराफी पेढीवर आम्ही बसलो होतो. एक वयस्कर खाला मुलाला घेऊन आल्या आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक हार समोर ठेवला. जाड दोऱ्यात ओवलेल्या सात अशरफ्या. नातीचे लग्न ठरले होते, मुलीला नव्या पद्धतीचा हलका सेट हवा होता आणि त्यासाठी हा हार मोडीला काढायचा होता. सराफाने हार काट्यावर टाकला, एका अशरफीची कड कसोटीवर घासली, घट धरली आणि रक्कम सांगितली. पाच मिनिटांत काम उरकले असते.

आम्ही सहज हार हातात घेतला. सहा अशरफ्या निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातील होत्या. चारमिनारचे चित्र आणि वर डाख देऊन बसवलेले नाके. सातवी निराळी होती. तिच्यावर चारमिनार नव्हताच. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरे आणि वरच्या कडेला आरपार भोक. उजेडात धरल्यावर टांकसाळीचे नाव लागले, खुजिस्ता बुनियाद. आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे औरंगाबादचे, हे मोगली टांकसाळीतील नाव. सराफांना दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, भोक पडलं की ते नाणं राहत नाही, सोनंच राहतं."

त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत, कारण असे हार आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या हातात दर लग्नसराईत येतात आणि बहुतेक सरळ मुशीत जातात.

नाण्याचा दागिना कसा झाला

नाणी गळ्यात घालण्याची पद्धत हौसेपोटी पडलेली नाही. गावात बँक नव्हती, घराला धड कुलूप नव्हते आणि बाईचा हक्काचा पैसा तिच्याजवळ राहील अशी दुसरी जागा नव्हती. गळ्यातील नाणे अडचणीच्या वेळी एकेक सोडवून विकता येई. दागिना मोडताना घडणावळ बुडते. नाण्याला घडणावळच नाही, त्यामुळे बुडायचे काही नव्हते.

आपल्याकडच्या पुतळीची कथा तर दर्यावर्दी व्यापाराची आहे. इटलीतील व्हेनिस शहराने १२८४ पासून १७९७ पर्यंत एकाच धर्तीचे सोन्याचे नाणे पाडले. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. मिरी आणि मसाल्याच्या मोबदल्यात हे नाणे मिसर, तांबडा समुद्र आणि अरब व गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले. त्यावर व्हेनिसचा शासक एका ख्रिस्ती संतापुढे गुडघे टेकून बसलेला आहे. आमच्या लोकांनी त्यात नुसत्या दोन पुतळ्या पाहिल्या आणि नाव पडले पुतळी. पुढे इथल्याच सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, त्यांवरील लॅटिन अक्षरे म्हणजे नुसत्या रेघोट्या असतात. आज पुतळीहार म्हणून विकला जातो तो बहुधा पातळ पत्र्यावर ठसा मारलेला. त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही, फक्त गिऱ्हाइकाला ती जुनी पुतळी म्हणून सांगू नये.

गिन्नीचा मामला सोपा. १८९९ च्या कायद्याने ती हिंदुस्थानात १५ रुपयांना चालू लागली. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही गिन्न्या पाडल्या गेल्या. त्यांवर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असते.

स्वातंत्र्यानंतरही नाण्यांना नाके लागत राहिले. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. त्या कायद्यात नाणी एका सदरात आणि दागिने दुसऱ्या सदरात होते आणि दागिन्यांना मोकळीक जास्त होती. त्या दिवसांत ज्यांनी सोनाराकडे जाऊन नाण्याला नाके लावून घेतले, त्यांची गरज समजण्यासारखी आहे.

भोक पडल्यावर काय उरते

संग्राहक नाण्याची किंमत सोन्यावर करीत नाही. बादशहा कोण, टांकसाळ कोणती, साल वाचता येते की नाही, कड शाबूत आहे की घासलेली, हे तो पाहतो. मोगली मोहरेचे वजन साधारण अकरा ग्रॅम आणि सोने चोख. तिच्या अंगावर जुन्या सराफांनी मारलेले पारखीचे टाचे असतात, तेही संग्राहक चालवून घेतो. परंतु भोक, डाख आणि पॉलिश त्याला चालत नाही. आरपार भोक पडले की संग्राहकाकडे मिळणारा जास्तीचा भाव बहुतांशी गेला. नाके काढून कड घासली तरी डाखाचा डाग भिंगाखाली दिसतोच.

काही जण भोक सोन्याने बुजवून, वर अक्षर कोरून असे नाणे निर्दोष म्हणून विकतात. व्यापारातील ऐब लपवण्याबद्दल आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे!

मग सराफ म्हणाले ते निम्मेच खरे कसे? कारण भोक असलेली दुर्मिळ मोहर ही दुर्मिळ मोहरच असते. उदाहरणार्थ, शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन. तो इतका थोडा उरला आहे की भोक असले म्हणून कोणी जाणकार तो मुशीत टाकणार नाही. उलट चारमिनारची नाके लावलेली अशरफी किंवा घासलेली गिन्नी ही जवळजवळ सोन्याच्याच भावाची आहे. ती पेटीत ठेवून संग्रह केल्याचा आव आणण्यापेक्षा सुनेच्या गळ्यात घालावी. आमच्या मते दहातील आठ-नऊ नाणी याच जातीची निघतात. प्रश्न उरलेल्या एक-दोनांचा आहे, आणि ती ओळखल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून आधी वाचावे, मग तोलावे. वाचता येत नसेल तर गावात फारसी अक्षर लावणारे एखादे मौलवी किंवा निवृत्त मास्तर असतातच.

पारखताना नाणे कसोटीवर घासू नये, तेजाबाने धुऊ नये. पाण्यातील वजनाची जुनी रीत पुरेशी आहे. नाणे हवेत तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलावे आणि जेवढे वजन कमी भरले त्याने पहिल्या वजनाला भागावे. चोख सोन्याला १९ च्या वर, तांब्याच्या मिश्रणाच्या २२ कॅरटला सुमारे साडेसतरा उत्तर येते. सोने खरे निघाले म्हणून नाणे खरे असे मात्र समजू नये. १९५० ते १९७० च्या दरम्यान बैरूतकडे पाडलेल्या कितीतरी नकली गिन्न्यांत सोने पुरते आहे, शिक्का तेवढा खोटा. अशी गिन्नी घालायला उत्तम, संग्रहाला कुचकामी.

जकात आणि अदलाबदल

नाणे की दागिना हा भेद आपल्याकडे नुसता शौकाचा नाही. हनफी मताप्रमाणे सोने कोणत्याही रूपात असो, निसाब भरला आणि वर्ष लोटले की जकात आहे. शाफई मताप्रमाणे बाईच्या नेहमीच्या वापरातील रास्त दागिन्यावर ती नाही, पण साठवलेल्या नाण्यावर आहे. कोकणातील आमचे बांधव बहुतेक शाफई असल्याने तोच हार रत्नागिरीत गळ्यात असला आणि पेटीत असला तर हिशेब बदलतो. टोचलेल्या नाण्यांचा हार दागिना धरावा की नाही, ही चर्चा शाफई ग्रंथांतही आहे. तेव्हा आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. हनफी घरासाठी साधे गणित असे: सात अशरफ्या म्हणजे सुमारे ७७ ग्रॅम. साडेसात तोळ्यांचा निसाब ८७.४८ ग्रॅम. घरधनिणीकडे त्याशिवाय दोन बांगड्या असल्या की भरला.

जुने सोने देऊन नवे घेताना सोन्याला सोने कमीजास्त वजनाने बदलले जाते. आमच्या कित्येक सराफ बांधवांना याची जाणीव आहे, कित्येकांना नाही. सोपा मार्ग असा की आधी जुने विकून रक्कम हातात घ्यावी, मग त्या रकमेने नवे खरेदी करावे. खैबरच्या वेळी एका सहाबींनी बारा दीनारांना सोने आणि मणी गुंफलेला हार घेतला. सोडवून पाहिला तर त्यातील सोनेच बारा दीनारांहून अधिक भरले. वेगळे केल्याशिवाय असा हार विकू नये, असे त्यांना सांगण्यात आले. नाणे आणि हार यांच्या व्यवहारात पारखणी आधी हवी, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आणखी एक. शहाजहानसह अनेक बादशहांच्या नाण्यांवर कलमा आहे. नाणे नापाक हातांत जाते म्हणून औरंगजेबाने तो छापणे बंद केले. अशा नाण्यातून गिरमिट घालताना कारागिराचा हात थांबला पाहिजे.

हार कोणाचा

संग्रहाच्या वेडाबद्दलही बोलले पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना नाण्यांचा नाद लागला. पत्नीच्या माहेरच्या हारातील तीन पुतळ्या सोडवून त्यांनी प्लॅस्टिकच्या कप्प्यांत बसवल्या, खाली चिठ्ठ्या लावल्या, पाहुण्यांना दाखवू लागले. पुतळ्या सुरक्षित राहिल्या हे खरे, पण त्या बाईंच्या होत्या. गळ्यातला हार कोणाचा हे साऱ्या गावाला माहीत असते. कपाटातला संग्रह नवऱ्याचा होऊन जातो. महर आणि माहेरचे सोने बाईची मिळकत आहे. तिला हात लावण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी, आणि नाणी पेटीत ठेवलीच तर यादीवर तिचे नाव लिहावे.

कायद्याचेही दोन शब्द. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. १९१८ ची गिन्नी शंभरी ओलांडून गेली, १३४० हिजरीची, म्हणजे १९२१-२२ ची अशरफीसुद्धा. आखातात सासरी जाणाऱ्या मुलीच्या गळ्यात आजीचा हार घालून विमानतळावर पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जमिनीत सापडलेल्या मोहरा मात्र १८७८ च्या कायद्याखाली येतात. त्यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते, त्या कोणी स्वस्तात आणून दिल्या तरी घेऊ नयेत.

कारागिरांसाठी यात काम आहे. नाण्याला भोक न पाडता, डाख न लावता ते गळ्यात घालता येते. नाण्याच्या कडेवर बसेल अशी सोन्याची गोल पट्टी घडवायची, वर नाके पट्टीला डाखायचे आणि नाणे शेवटी थंडपणे आत बसवून बारीक पेचाने आवळायचे. उष्णता नाण्याला लागत नाही आणि वाटेल तेव्हा ते बाहेर काढता येते. पट्टीची घडणावळ वेगळी मिळते, शिवाय गिऱ्हाईक पुन्हा येते.

खालांनी त्या दिवशी सहा अशरफ्या विकल्या. रक्कम मोजून घेतली आणि मगच सेट पाहायला मागितला. सातवी त्यांनी रुमालात परत बांधली. मुलगा म्हणाला, एवढ्यासाठी कशाला, अम्मी? त्या म्हणाल्या, "नातीला विचारते. तिची आहे, तीच सांगेल." पुढच्या आठवड्यात पेढीवरच्या कारागिराने आम्हाला पट्टीचे माप विचारले. नाणे पूर्ण गोल नव्हते, एका बाजूने चपटे होते, त्यामुळे पट्टी दोनदा करावी लागली.