प्रवासाची पूर्वतयारी

सुटींत कुटुंबासह मोटारीनें निघतांना गाडी चालतच राहील, असें आपण गृहीत धरतों. परंतु खरी तयारी ती थांबेल त्या वेळेसाठीं करावयाची असते. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सहस्रावधि लोकांनीं रस्त्यांतच रात्र काढली. पाण्यांत सांपडलेल्या मोटारींचीं दारें न उघडल्यानें कांहींचा आंतच अंत झाला. आपल्या वसईजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हाहि अतिवृष्टींत तुंबतो.

म्हणून आदल्या दिवशींच एक पिशवी भरून ठेवावी. तींत उकळून गार केलेलें पाणी, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, नेहमींचीं औषधें व चादर असावी. खाण्यास वसईचीं सुकेळीं उत्तम. राजेळी केळीं उन्हांत वाळवून केलेलीं असल्यानें तीं पुष्कळ दिवस टिकतात. साखर व मीठहि घ्यावें. एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळविलें, कीं जुलाबानें क्षीण झालेल्या मुलास देण्याजोगें पेय तयार होतें.

कांच फोडण्याची हातोडी मात्र सामानांत न पुरतां हाताशीं ठेवावी. समोरची कांच सहसा फुटून मोकळी होत नाहीं, बाजूची फोडावी. पाणी चढूं लागतांच गाडीचा मोह सोडून उंच जागीं जावें. मदतीसाठीं ११२ व राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक लहानांसहि पाठ असावेत.

पिशवी न उघडतांच परत आली, तर श्रम वायां गेले असें समजूं नये. प्रवास सुखाचा झाला, असें समजावें.