मज्जेचे शास्त्र आणि नायगावचा रुग्ण

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावात एखाद्या पोराचा ताप पंधरवडा उलटला तरी हटत नाही, अंग पांढरेफटक पडते, मुका मार नसतानाही कातडीवर काळेनिळे डाग उमटतात आणि हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, तेव्हा विषमज्वर, कावीळ, अशक्तपणा अशा नाना तर्कांत जे दिवस जातात, तेच पुढे सर्वांत महाग पडतात. वास्तविक रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, लिशमन रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मोठ्या केंद्रकाच्या अपक्व पेशींची गर्दी जाणत्या नजरेला बहुधा तिथेच ओळखता येते. पक्के निदान मात्र कमरेच्या हाडात सुई घालून काढलेल्या मज्जेवरून होते.

ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या या कर्करोगाशी, आपल्या देशात ज्यांनी नेटाने झुंज दिली, त्यांत डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओने पाय गेलेल्या या मुलाला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अपंगत्वाच्या सबबीवर प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. तो निर्णय पुढे फिरला, आणि चाकाच्या खुर्चीतून हिंडणारा हाच विद्यार्थी अमेरिकेत सिएटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे, ज्यांना 1990 साली नोबेल पारितोषिक मिळाले, अस्थिमज्जा-रोपणाची विद्या शिकून आला. 20 मार्च 1983 रोजी टाटा स्मारक रुग्णालयात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा अडवाणींनी दिली. भावंडांची ऊतिसाम्यता पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक इतकाच. रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी व किरणांनी नष्ट करून दात्याची मज्जा शिरेतून सोडायची, आणि ती हाडांच्या पोकळीत रुजेपर्यंतचे काही आठवडे रोग्याला प्रत्येक जंतूपासून जपायचे, असा हा जोखमीचा व्यवहार आहे.

तथापि, माझ्या मते अडवाणींचे अधिक मोलाचे कार्य याहून कमी दिपवणारे आहे. 1984च्या सुमारास आखलेल्या ‘एमसीपी-841’ या उपचारक्रमात व्हिंक्रिस्टीन, स्टेरॉइड, अॅस्पॅराजिनेज अशी औषधे ठरावीक क्रमाने देऊन मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांनी लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या रुग्णांवर एकच पद्धत राबवली. आणि पूर्वी सुमारे वीस टक्क्यांच्या घरात असलेले बरे होण्याचे प्रमाण केंद्रागणिक चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत चढल्याचे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले गेले. परदेशातील शास्त्र जसेच्या तसे न उचलता येथील ऐपतीला बेतून घेणे, ही खरी संशोधकाची दृष्टी होय. तिचाच पुढला टप्पा म्हणजे मुंबईच्या आयआयटी व टाटा रुग्णालय यांच्या सहकार्याने घडलेली, 2023 साली मंजुरी मिळालेली स्वदेशी कार-टी पेशी चिकित्सा, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्या कर्करोगावर सोडण्याची पद्धत.

परंतु मुंबईत शास्त्र कितीही पुढे गेले, तरी नांदेडपासून सुमारे सहाशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास, मुक्कामाची तजवीज आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब नायगावच्या बापाला चुकवता येत नाही. 2012 साली राज्य शासनाच्या जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता, हे खरे; आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि दवाखान्याच्या खर्चाचा भार त्यामुळे हलका होतो. निदानाला झालेला उशीर मात्र कोणत्याही दाखल्याने भरून निघत नाही. म्हणून लेकराचा ताप लांबला, डाग दिसले, रक्त येऊ लागले, तर गंडादोरा वा नुसत्या शक्तीच्या बाटल्यांवर न विसंबता त्याच आठवड्यात रक्ततपासणी करून घ्यावी आणि तालुक्याच्या डॉक्टरांनीही काचपट्टी स्वतः पाहावी, एवढीच विनंती.