भिंतीला जखडलेलं कपाट

लहान मुलाला ड्रॉवर म्हणजे शिडीच वाटते. खालचे दोन-तीन ड्रॉवर ओढून त्यांवर पाय दिला, की सगळा तोल पुढे जातो आणि कपाट अंगावर येतं.

अशा अपघातांत मुलांचे जीव गेल्यावर २०१६ मध्ये फर्निचर कंपनी आयकियाने अमेरिकेत ड्रॉवरची सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली. २०२२ च्या अखेरीस तिथे कपाटं उलटू नयेत यासाठी कायदाही झाला.

उपाय सोपा आहे. कपाटाच्या वरच्या भागाला दोन एल-अँगल लावून विटांच्या भिंतीत प्लगसह स्क्रू आवळावेत. नुसत्या गिलाव्यात ते टिकत नाहीत. जड पुस्तकं तळाला, आवडती खेळणी हाताच्या उंचीवर ठेवावीत.

कोकणच्या दमट हवेत पार्टिकल बोर्ड फुगून स्क्रूची पकड सुटते. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवूड घ्यावं, आणि पावसाळा सरला की स्क्रू पुन्हा आवळावेत.