रंगातून जुनं तांबं

प्लास्टिकच्या साध्या कुंडीला जुन्या तांब्याचं रूप देता येतं. त्यासाठी आधी खरं तांबं कसं जुनं होतं ते नीट पाहावं. नवं तांबं लालसर चमकतं, मग काळपट तपकिरी पडतं आणि वर्षानुवर्षं हवा-पावसात राहिलं की त्यावर हिरवट निळं जंगाल चढतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूसच होता.

कुंडी पॉलिश पेपरने घासून प्रायमर लावा, त्यावर गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक. ते वाळलं की तांब्याच्या छटेचा मेटॅलिक रंग स्पंजने टिपत लावा. तपकिरी मधूनमधून दिसायला हवा. खरं कौशल्य पुढे आहे. हिरव्या-निळ्यात थोडा पांढरा मिसळून रंग पाण्याने पातळ करा आणि खाचांत, काठाखाली, जिथे पावसाचं पाणी साचलं असतं तिथेच सोडा. थोडा ओघळू द्या. उंचवट्यांवरून मात्र ओल्या फडक्याने लगेच पुसा. हिरवा सगळीकडे सारखा फासला की नक्कल उघडी पडते. माझ्या मते तो कमीच बरा. शेवटी मॅट वॉर्निश द्या. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर हा प्रयोग करू नका.