चिंदविन नव्हे, चिंथे

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात 'चिंडिट' हे नाव हमखास भेटतं. फेब्रुवारी १९४३मध्ये ऑर्ड विंगेटच्या ७७व्या भारतीय ब्रिगेडचे सुमारे ३००० सैनिक जपानी फौजांच्या पिछाडीला ब्रह्मदेशात घुसले, तेच हे चिंडिट. वाटेत त्यांनी चिंदविन नदी ओलांडली होती, म्हणून नदीवरूनच नाव पडलं असावं, असं पुष्कळांना वाटतं. पण नाव पडलं ते 'चिंथे'वरून, म्हणजे पॅगोडाच्या दाराशी जोडीनं बसवलेल्या सिंहावरून. त्यांच्या बिल्ल्यावरही चिंथेच होता.

नदी आणि सिंह या दोन नावांचा आरंभ ऐकायला सारखा आहे, लिहायला नाही. बर्मी लेखनात सिंहाचं नाव 'ख्र'नं सुरू होतं, नदीचं 'ख्य'नं. बोलण्यात दोन्हींचा आता 'छ'सारखा एकच उच्चार उरला आहे. 'चिंथे'तला 'थ'ही बोलताना मऊ होऊन 'द'च्या जवळ जातो. इंग्रजांच्या कानाला तो 'ड' वाटला, यात नवल नाही.

आपल्याला मात्र दुसराच मोह होतो. चिंथे म्हणजे 'सिंह'चाच अपभ्रंश, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पाली 'सीह' बर्मीत आला आहेच, पण 'थिहा' या रूपात, कारण पालीतल्या 'स'चा बर्मी उच्चार 'थ' होतो. पिन्याचं राज्य स्थापणाऱ्या थिहाथू राजाच्या नावात तो आहे. त्या वाटेनं 'सीह'चा 'ख्र' होत नाही. जुळलेल्या ध्वनींवरून नातं जोडण्यापूर्वी जुनं लेखन पाहायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

जागोजाग सिंह दिसतात म्हणून तो तिथल्या रानातला प्राणी होता, असंही कुणी समजू नये. इतिहासकाळात ब्रह्मदेशात वाघ होते, सिंह नव्हते. तो आला धर्माबरोबर, कथांतून आणि शिल्पांतून. मिंगुनला तर बोदोपाया राजाच्या अपुऱ्या राहिलेल्या पॅगोडासमोर विटांचे अवाढव्य चिंथे होते. १८३९च्या भूकंपात ते कोसळले, त्यांचे अवशेष अजून दिसतात.

श्वेडगॉन पॅगोडावर माणसाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेली मूर्ती पाहून मराठी माणसाला नरसिंह आठवतो. तो 'मनुथिहा', पाली 'मनुस्स' आणि 'सीह' यांच्या जोडातून आलेला. नरसिंहाचं डोकं सिंहाचं, याचं माणसाचं. शिवाय त्याच्या एका डोक्याला दोन धडं असतात. त्यामुळे तो चौथऱ्याच्या कोपऱ्यावर चपखल बसतो, एक धड या बाजूला, दुसरं त्या बाजूला.